मृत्युपत्र 'कॉन्टेस्ट' करणे: मराठीत काय म्हणायचं?

मधुमालती
ज्येष्ठ नागरिकांसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. वडील गेले, मृत्युपत्रात सगळं एकाच मुलाला, बाकीच्यांना ते पटलेलं नाही, तर कायद्याने काय करता येतं असा विषय. इंग्रजीत दर परिच्छेदात 'कॉन्टेस्ट'. मी 'मृत्युपत्राला आव्हान देणे' लिहिलं, तर मुद्रितशोधकांनी झाडून सगळीकडे 'आवाहन' करून ठेवलं! मजकूर तपासणाऱ्या बाईंचं म्हणणं, आव्हान नकोच, 'हरकत घेणे' करा. मला हरकत म्हटलं की पालिकेचा 'हरकती व सूचना'वाला फलक दिसतो. तुम्ही काय म्हणाल? 'लढवणे' सुचवू नका, ही निवडणूक नाही.

लेखणीबहाद्दर
आवाहन देवाला, आव्हान शत्रूला. कागदाला दोन्ही नाही. 'निर्णयाला आव्हान' हे वर्तमानपत्रांनी 'चॅलेंज'वरून पाडलेलं नाणं आहे. दुसरं म्हणजे 'मृत्युपत्र' कशाला? माणूस जिवंतपणी लिहितो, त्यात त्याची इच्छा असते. 'इच्छापत्र' म्हणा.

जुना शिरस्तेदार
कोर्टातली भाषा सांगतो. मृत्युपत्र 'शाबीत' करावं लागतं आणि ते काम जो ते पुढे आणतो त्याचं. विरुद्ध बाजू ते 'नाकबूल' करते. दोनच शब्द, उभी हयात त्यावर गेली. 'कॉन्टेस्ट' म्हटलं की वाटतं, सगळी झटापट हरकत घेणाऱ्यानेच करायची. तसं नाही. १९५९ साली वेंकटचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की मृत्युपत्राभोवती संशयाची जागा असेल, उदाहरणार्थ सही थरथरती, किंवा ज्याला घबाड मिळतंय त्यानेच लिहून घेण्यात पुढाकार घेतलेला, तर तो संशय कागद पुढे आणणाऱ्यानेच फेडायचा. मात्र फसवणूक झाली, धाकदपटशाने सही घेतली असं म्हणायचं असेल, तर ते म्हणणाऱ्याने शाबीत करायचं. पत्रकात हा फरक आला नाही, तर शब्द कुठलाही घाला.

सदाफुली
'शाबीत' कुणाला कळणार आजकाल? 'सिद्ध' म्हणा.

जुना शिरस्तेदार
ज्याच्यावर वेळ येते त्याला आठवड्यात कळतं.

चिंचेखाली
आमच्याकडं हरकतच म्हणतात, अन् ती तलाठ्याकडं द्यायची. चुलत्यानं धाकट्या पोराच्या नावानं मृत्युपत्र केलं. चुलता गेला, पोरानं फेरफाराला अर्ज टाकला. नोटीस आली तशी थोरल्यानं पंधरा दिवसांच्या आत हरकत लिहून दिली, पोच घेतली. नोंद गेली तक्रारी नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ. पुढं मंडळ अधिकाऱ्यापुढं तारखा, मग प्रांताकडं अपील. एवढं करून वकील म्हणाला, सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून कुणी मालक होत नसतो, फेरफार महसुलासाठी असतो. मालकीचं भांडण दिवाणी कोर्टात.

तिथं खरी गंमत. साक्षीदार दोन. त्यातला एक उलटतपासात बोलून गेला, "मी सही नंतर केली, तहसीलसमोरच्या हॉटेलात चहा पिताना. म्हातारा तिथं नव्हता." संपलं. कागद नोंदणीकृत होता, शिक्के होते, फोटो होता, कशाचाच उपयोग नाही.

जुना शिरस्तेदार
बरोबर. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५, कलम ६३. किमान दोन साक्षीदार, दोघांनीही करणाऱ्याची सही होताना पाहिलेली हवी, नाहीतर 'ही सही माझीच' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि त्यांनी स्वतःच्या सह्या त्याच्या समोर करायच्या. दोघे एकाच वेळी हजर नसले तरी चालतं. आणि नोंदणी सक्तीची नाहीच. आधीचं नोंदवलेलं मृत्युपत्र नंतरच्या साध्या कागदावरच्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकतं. लोकांना हे पटत नाही, शिक्का म्हणजे ब्रह्मवाक्य.

सदाफुली
@चिंचेखाली, भाऊबंदकीची गोष्ट फक्कड सांगितलीत. पण त्या घरात बहीण नव्हती का?

चिंचेखाली
होती की. तिच्याकडनं हक्कसोड आधीच घेतलेलं. साडीचोळी केली.

सदाफुली
तेच म्हणते! हक्क सोडला नाही तर ती माहेराला मुकली. मुलीला वडिलोपार्जितात मुलाइतकाच हक्क देणारा कायदा १९९४ला महाराष्ट्राने आधी केला, २००५ला देशभर झाला, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या विनीता शर्मा निकालाने 'वडील २००५ला हयात होते का' हा घोळही मिटवला. मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जितात बरोबरीची हिस्सेदार. शब्द मात्र अजून 'भाऊबंदकी'च.

लेखणीबहाद्दर
'सहदायाद' वाचून बरं वाटलं. दाय, दायाद, दायविभाग हे आपले शब्द. मिताक्षरा म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका, तिच्यावर बंगालकडचा भाग सोडून बहुतेक देशाचा हिंदू वारसाकायदा उभा होता. आणि आपण काय बोलतो? वारस, हरकत, दावा, तक्रार, शाबीत, हक्क! सगळा अरबी माल. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तो कशासाठी?

मांडवीकाठ
'वारस' काढून 'दायाद' घातलंत तर पत्रक तुम्ही आणि मिताक्षराकार वाचाल.

गोव्यातला प्रकार वेगळा आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे एका मुलाला सगळं लिहून देताच येत नाही. पोर्तुगीज काळापासून निम्मी मिळकत सक्तीच्या वारसांसाठी राखीव, तिला 'लेजितिमा' म्हणतात. मृत्युपत्र चालतं ते उरलेल्या निम्म्यावर. त्यातही नवरा-बायकोची मिळकत सामाईक असेल तर हयात जोडीदाराचा अर्धा वाटा आधी बाजूला. वाटणी न जमल्यास इन्व्हेंटरी: कोर्टात मिळकतीची यादी, यादी देणारा घरातला कर्ता (जुने लोक 'काबेसा द काजाल' म्हणायचे), आणि एखादं घर दोघांना हवं असेल तर वारसांतच बोली. आता हे २०१२च्या गोवा कायद्यात आहे. सांगायचा मुद्दा, आमच्याकडे मृत्युपत्रच 'कॉन्टेस्ट' करायची वेळ कमी येते, भांडण यादीवरून होतं. अमुक शेत यादीतून वगळलं, तमक्याला आधीच दिलेलं धरलं नाही.

मधुमालती
गोव्यासाठी चौकट टाकेन, छान माहिती. पण माझा शब्द...

पानसुपारी
मुंबईत चालतं ते 'कॅव्हेट टाकणं', म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका' असं कोर्टाला लिहून देणं. प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याचा, अर्ज झाला की हायकोर्टाकडून वारसांना सायटेशन (नोटीस) येतं. मान्य नसेल तर कॅव्हेट, आणि मग आठ दिवसांत कारणांचं प्रतिज्ञापत्र. त्यानंतर अर्जाचा दावा होतो, साक्षीपुरावे सुरू. एक गोष्ट ठळक लिहा: प्रोबेट कोर्ट फक्त कागद खरा की खोटा एवढंच बघतं. 'घर मुळात आजोबांचं, बाबांना देण्याचा हक्कच नव्हता' हे तिथे ऐकत नाहीत, त्याला वेगळा दिवाणी दावा. लोक तिथेच वर्षं घालवतात.

कॅव्हेटला मी 'सावधपत्र' सुचवतो.

सदाफुली
कोर्टात 'शुभमंगल' कोण म्हणणार? 😄

लेखणीबहाद्दर
सावधपत्र उत्तम! 'वारसदार'सुद्धा काढा. वारस म्हणजेच दायाद, त्याला पुन्हा 'दार' कशाला? पिवळा पीतांबर.

मांडवीकाठ
वारसदार म्हणजे वारसा असलेला, जसा हक्कदार. 'वारस'ला नाही, 'वारसा'ला दार लागलंय. काही चूक नाही.

लेखणीबहाद्दर
मग 'वारसादार' व्हायला हवं होतं.

जुना शिरस्तेदार
जाहीर नोटिशीतला 'बेदखल'ही घ्या चर्चेला. 'माझ्या मुलास मी बेदखल केले आहे, त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये.' वडिलांना वाटतं काम झालं. मृत्युपत्र न करता ते गेले, की तोच मुलगा बाकीच्यांच्या बरोबरीने वारस. स्वकष्टार्जित मिळकत मुलाला द्यायची नसेल तर मृत्युपत्र करावं लागतं, किंवा हयातीत बक्षीसपत्र. वडिलोपार्जितातला त्याचा हिस्सा जाहिरातीने जात नाही.

पानसुपारी
इच्छापत्राचा मुद्दा राहिला. तो शब्द आता दुसरीकडे लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानंतर 'मला कृत्रिम श्वासावर ठेवू नका' असं लिहून ठेवता येतं, ते वैद्यकीय इच्छापत्र. दोन्हीला एकच नाव दिलंत तर रुग्णालयात कुणीतरी फ्लॅटची वाटणी दाखवेल.

लेखणीबहाद्दर
मग त्याला 'उपचारपत्र' म्हणा. इच्छापत्र आम्ही सोडणार नाही.

चिंचेखाली
हरकत शब्दाचं एक विचारतो. हिंदीत हरकत म्हणजे हालचाल, चाळे. आपल्याकडं अडथळा कसा झाला? नोंद हलते म्हणून?

मांडवीकाठ
अरबीत मूळ अर्थ हालचालच. मराठीत मध्येच कुणीतरी हात घातला, म्हणून अडथळा झाला असेल. हा आपला माझा तर्क. तक्रारही तशीच, अरबीत पुन्हा पुन्हा म्हणणं.

सदाफुली
आणि गाण्यातली हरकत? आमचे गुरुजी म्हणायचे, मुरकी घे, हरकत नको.

पानसुपारी
मुरकी आणि हरकत एकच ना?

सदाफुली
अजिबात नाही! वेगळा धागा काढते.