आधी संगणकाचे घड्याळ पाहावे
संगणकाचे तंत्र शिकणाऱ्यांनी ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्किंग आणि सुरक्षा हे विषय एक पूर्ण झाल्यावरच दुसरा, अशा क्रमाने शिकावेत आणि नेटवर्किंगला प्राधान्य द्यावे, असे काहीजण सुचवतात. नेटवर्किंगच्या प्राधान्याचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र प्रत्यक्षातला बिघाड या हद्दी पाळत नाही.

मालवणात माझ्याकडे सरावासाठी एक जुना डेस्कटॉप आहे. गेल्या पावसाळ्यात रात्रभर वीज नव्हती आणि सकाळी तो सुरू केला, तेव्हा जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळावर ‘जोडणी सुरक्षित नाही’ अशी सूचना येऊ लागली. पिंगला (समोरचा संगणक पोहोचण्याजोगा आहे का, हे पाहणाऱ्या चाचणीला) उत्तर येत होते, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे अंकी पत्ते सांगणारी डीएनएस सेवाही बरोबर पत्ते देत होती, त्यामुळे मी तासभर राउटरच तपासत राहिलो. शेवटी पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेले: साल २००९! वीज नसतानाही संगणकाचे घड्याळ चालू ठेवणारी, मदरबोर्डवरची (संगणकातल्या मुख्य पट्टीवरची) नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपली होती. टीएलएस प्रमाणपत्र, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठी संकेतस्थळाची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य आहे, याच्या दोन्ही तारखा त्यातच नोंदवलेल्या असतात. २००९ सालात वावरणाऱ्या संगणकाच्या लेखी त्या प्रमाणपत्रांची मुदत अजून सुरूच झाली नव्हती. एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या पद्धतीने, वेळ आपोआप जुळायला हवी होती, पण त्यासाठी लागणारे यूडीपी १२३ हे पोर्ट (नेटवर्कवरच्या ये-जा करण्याचे क्रमांकित दार) मीच फायरवॉलच्या, म्हणजे नको ती ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेच्या, सरावात बंद केले होते.

शिकणाऱ्यांनी सरावाच्या संगणकाचे घड्याळ मुद्दाम मागे नेऊन काय काय बंद पडते ते नोंदवावे. केर्बेरॉसला (नेटवर्कवर वापरकर्त्याची ओळख तपासणाऱ्या पद्धतीला) तर घड्याळांत सर्वसाधारणपणे ५ मिनिटांहून अधिक फरक चालत नाही.