हुआशान रात्री चढायचाय, तिकिटाचं कसं करू?

मी चीनमधल्या शिआन शहरात स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवतो. येत्या शनिवारी रात्री जुन्या पायऱ्यांच्या वाटेने हुआशान डोंगर चढून पूर्व शिखरावर सूर्योदय गाठायचा बेत आहे. सोमवारी पहिलाच तास माझा, त्यामुळे रविवारी संध्याकाळी परत हवंच. रेल्वेचं तिकीट पासपोर्टवर निघालं. अडलंय ते डोंगराचं: फोनवर पासपोर्ट नंबर टाकला की 'नोंद चुकीची' एवढंच येतं. सहकाऱ्याच्या फोनवरूनही तेच. सह्याद्रीत रात्रीचे ट्रेक केलेत, हेडटॉर्च आहे, चिनी जेमतेम. कड्यावरच्या फळ्यांच्या वाटेला जाणार नाही (आईला शब्द दिलाय), तेव्हा त्यावर सल्ले नकोत. रात्री अकराच्या सुमारास खिडकीवर पासपोर्ट दाखवून तिकीट मिळतं का? आणि उतरताना पश्चिम शिखराच्या रोपवेचं तिकीट वरच काढता येतं का?