ओम्नीचा फ्लोअर सडलाय, पत्रा मारू की भंगारात देऊ? बजेट 60 हजार

वरळीचा_पोरगा
नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.
आमची 2008 ची ओम्नी आहे, पेट्रोल आणि सीएनजी, मागची सीट कधीच काढून टाकलेली. आई पहाटे भाऊच्या धक्क्यावरनं म्हावरं उचलते आणि दादरला बसते, गाडी मी चालवतो मग तिथनं ऑफिसला. 18 वर्षं बर्फाचं खारं पाणी फ्लोअरवर पडतंय आणि गाडी उभी असते कोळीवाड्यात समुद्राच्या तोंडावर. मागच्या रविवारी मागचं मॅट उचललं तर खाली रस्ता दिसला. खरंच. तीन भोकं नाण्याएवढी, एक तळहाताएवढं आणि त्याच्या कडेचा पत्रा पापडासारखा हातात आला. आई म्हणते तरीच मोजलेले बांगडे दादरला दोन-चार कमी भरायचे.
इंजिन एक नंबर आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे 61 दिवस गाडी उभीच राहणार, तेव्हा काम करावं असा विचार. बजेट 60 हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. मारुतीची इको व्हॅन घे असं कृपया सांगू नका.

इको_लव्हर
इको घे. माझ्याकडे दोन आहेत, सीएनजीवर पळवतो, काही बघावं लागत नाही. सप्टेंबर 2025 ला जीएसटी 28 वरनं 18 झाला तेव्हापासून परवडते. 60 हजार डाउनपेमेंट कर, बाकी लोन. 2019 ला बंद झालेल्या गाडीत पैसे कशाला घालतोस.

वरळीचा_पोरगा
दादा शेवटची ओळ वाचली नाही का.

इको_लव्हर
वाचली, म्हणूनच सांगतोय.

सायनचा_सदू
15 वर्षं झाली की गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, सरकार उचलून नेतं. माझ्या मेव्हण्याची नेली. भंगारात दे आणि सुट.

आरटीओ_चकरा
सदूभाऊ मेव्हणे दिल्लीला राहतात का? 15 वर्षं पेट्रोल 10 वर्षं डिझेल ही भानगड दिल्ली-एनसीआरची. आपल्याकडे 15 नंतर गाडी दाखवून आरसी पाच-पाच वर्षांनी रिन्यू होते, ग्रीन टॅक्स भरायचा, विषय संपला. पोरा, तुझी 2023 ला झाली असणार म्हणजे आता 2028. पण 2028 ला गाडी 20 वर्षांची होईल आणि 20 च्या वरच्या चारचाकीची रिन्युअल फी ऑगस्ट 2025 पासून 10 हजार केलीये, पूर्वी 5 होती. ते धरून हिशोब कर. आणि सीएनजीची टाकी दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावी लागते, प्लेटवर तारीख असते, बघ कधीची आहे. जिथे फ्लोअर सडला तिथेच टाकीचे ब्रॅकेट बसतात.

सायनचा_सदू
मेव्हणा गुरगावला असतो. तेच ते.

नियमावली
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. नंबर प्लेट पांढरी आहे का? खासगी गाडीत धंद्याचा माल नेणं चालत नाही, पिवळी प्लेट लागते, पिवळीला 8 वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. उगाच गाडी दुरुस्त करून पुढे दंड भरत बसाल.

वरळीचा_पोरगा
साहेब आई सहा पाट्या नेते, ट्रक नाही भरत.

नियमावली
पाट्या मोजून नियम नसतो.

मुलुंडचा_मामा
मी 1996 ची मारुती 800 पूर्ण रिस्टोर केली. पत्रा नवीन, वायरिंग नवीन, ओरिजिनल लाल रंग दोनदा मारून घेतला कारण पहिल्यांदा शेड चुकला. 70 हजार ठरवले होते, 1 लाख 90 ला थांबलो, बायकोला 90 सांगितलेत. सिग्नलला लोक काच खाली करून विचारतात. तेव्हा रिस्टोरच कर, मन मोठं ठेव. फक्त पावसात बाहेर काढू नकोस, मी जून ते सप्टेंबर कव्हर घालून ठेवतो.

वरळीचा_पोरगा
मामा माझी गाडी रोज पहाटे चारला भिजते.

पत्रा_आणि_पाना
30 वर्षं डेंटिंगचं काम केलंय, आता मुलगा बघतो. आधी एक काम कर, पैसे लागत नाहीत. गाडी रॅम्पवर घे, हातात जाडा पेचकस आणि छोटा हातोडा, आणि फ्लोअरच्या खालनं ज्या लांब चौकोनी पट्ट्या जातात, मेंबर म्हणतो आम्ही, त्यावर पुढनं मागपर्यंत ठोकत जा. टण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं की तिथे पेचकस दाबायचा. आत घुसला तर आतनं गेलंय. मागचे पाटे (सस्पेन्शनच्या पट्ट्या) जिथे लटकतात ती जागा, पुढच्या चाकाच्या वरची जागा आणि सरकत्या दरवाज्याची खालची पट्टी हे तीन ठिकाणी विशेष. नुसता फ्लोअरचा पत्रा गेला असेल तर 20-25 हजारात होतं. मेंबर आणि पाट्याची जागा गेली असेल तर एक रुपया घालू नकोस, मी कामगार असून सांगतो, दे सोडून.
पत्रा 18 गेजचा टाकायला सांग, नाहीतर 20 चा पातळ टाकतील. सीओटू वेल्डिंगच घे, गॅसने पातळ पत्रा वाकडातिकडा होतो. वेल्डिंगच्या आधी सीएनजीची टाकी पूर्ण बाहेर, बॅटरीची तार काढलेली, हे तुझ्या डोळ्यासमोर. आणि काम पावसात करू नकोस. लोक बंदीत गाड्या आणतात आणि दमट हवेत प्रायमर मारून घेतात, सहा महिन्यात खाली फुगा येतो. मे मध्ये दे.

गिरगावकर_74
वर पाना यांनी सांगितलंय तेच सांगतो, पेचकसने बघून घ्या. आणि इको वाईट नाही.

डांबर_किंग
एवढं काही नाही लागत. मी भोकांवर पत्र्याचा तुकडा रिबीट मारून वर आणि खाली डांबर फासलं, 1800 रुपये, चार वर्षं झाली.

पत्रा_आणि_पाना
डांबर खरवडून बघ एकदा, मग बोलू.

डांबर_किंग
कशाला खरवडू, चाललंय ना.

नेरुळची_नीता
सेकंडहँड इकोचं कोणी बोललं नाही म्हणून सांगते. आम्ही घेतली, सव्वादोन लाखाला, वरून चकाचक. पहिल्याच महिन्यात एसीतून कुबट वास. मेकॅनिकने पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला तर खालच्या अर्ध्या पट्ट्यावर सुकलेला चिखल, पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी. सीटचे नटबोल्ट आतनं लाल. विकणारा फोन उचलत नाही. मुंबईत सेकंडहँड घेताना सीटबेल्ट ओढून बघाच.

इको_लव्हर
म्हणून नवीन घ्यायची.

सुगरण_सीमा
मला गाड्यांतलं कळत नाही पण आमचा केटरिंगचा धंदा होता. पाणी पत्र्यावर पडूच का देता? खाली मोठा प्लास्टिकचा ट्रे नाही तर ताडपत्री घाला आणि रोज गोड्या पाण्याने धुवा. नवीन पत्रा टाकलात आणि खारं पाणी तेच राहिलं तर दोन वर्षांनी हाच धागा परत काढाल. आणि ऑगस्टमध्ये दादरला पापलेट कधीपासून मिळेल?

पत्रा_आणि_पाना
ताईंनी लाखातली गोष्ट सांगितली. मी विसरलो लिहायला.

मुलुंडचा_मामा
पापलेट पहिल्या आठवड्यात घेऊ नका, भाव चढे असतात. आम्ही नारळी पौर्णिमेनंतरच.

खारदांड्याची_सून
मामा आमच्या पोटावर पाय देऊ नका.

यानंतर पंधरा-वीस पोस्टी पापलेट विरुद्ध सुरमई अशा चालल्या, त्या ज्याला हव्या त्याने मागे जाऊन वाचा.

वरळीचा_पोरगा
मंडळी अपडेट, उशीर झाला त्याबद्दल सॉरी.
रॅम्पवर घेऊन ठोकलं. मेंबर टण वाजले, एक सोडून, डावीकडचा मागचा, तिथे पेचकस अर्धा इंच आत गेला पण पाट्याच्या जागेपासून लांब आहे. मागचा पूर्ण फ्लोअर कापून 18 गेज टाकला, तो मेंबर बाहेरनं पट्टी मारून मजबूत केला, 26 हजार. मे च्या दुसऱ्या आठवड्यात केलं, पाच दिवस आईचा धंदा बुडाला त्याबद्दल अजून ऐकतोय.
रंग नाही मारला. इको नाही घेतली. ट्रे आणला होता पण आईच्या पाट्या त्यात बसेनात, तिने तो सोडे सुकवायला घेतला.
मग माझ्या आतेभावाला बोलावलं. तो जेट्टीवर होड्यांना फायबर मारतो. त्याने नवीन पत्र्यावर घासून फायबरची चटई आणि रेझिनचे तीन थर दिले, कडा वीतभर वर चढवल्या, उतार मागच्या दाराकडे. 9 हजार आणि दोन दिवसांचं जेवण. आतून गाडी होडीसारखी दिसते.

पत्रा_आणि_पाना
हे मी सांगितलं नव्हतं. पत्रा धक्क्याने हलतो, फायबर हलत नाही, कडेला चीर पडली की पाणी खाली शिरणार आणि तुला वरनं दिसणार पण नाही. होडीच्या लाकडाची गोष्ट वेगळी.

वरळीचा_पोरगा
काका तुमचा मान ठेवून, होडी पण हलतेच की. खालनं पत्रा उघडा ठेवलाय, फक्त झिंक प्रायमर आहे, दर महिन्याला झोपून बघेन.

डांबर_किंग
26 अधिक 9. माझे 1800.

नियमावली
उतार मागच्या दाराकडे म्हणजे पाणी रस्त्यावर पडणार. माशांच्या पाण्यावरनं दुचाकी घसरतात, यावर कारवाई होऊ शकते.

वरळीचा_पोरगा
बादली लावलीये साहेब. प्लेट अजून पांढरीच आहे.