लाकडी कुंपण कललंय: दुरुस्त करू की नवीनच घालू?

वादळी पावसात बागेचं लाकडी कुंपण एका अंगाला कललं. उंची साधारण पाच फूट, दर सात-आठ फुटांवर खांब, त्यांना दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांवर उभ्या फळ्या. चौदांपैकी तीन खांब हलतात, तिन्ही एकाच बाजूचे. तिथल्या काही फळ्याही उखडल्यात. बाकीच्या राखाडी पडल्यात, पण ठोकल्या की टणक वाजतात. त्याच बाजूला जुना वेल दाट पसरलाय आणि तो काढायला घरात कुणी तयार नाही.

सुतार म्हणतो, सगळं पाडा. त्याचं काम वाढतं म्हणून म्हणतोय की खरंच गरज आहे? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १: फळ्या काय, कधीही बदलता येतात. राखाडी रंग उन्हापावसाचा, वरवरचा असतो. खांब तपासा. बुडाशी वीतभर माती उकरून जमिनीलगत स्क्रूड्रायव्हर टोचा. लाकूड बहुतेक तिथेच कुजतं, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे मिळतात. टोक सहज आत गेलं तर खांब कामातून गेला. लाकूड टणक असूनही खांब हलत असेल तर नुसता पाया सैल झालाय. ओळंब्यात धरून पुन्हा काँक्रीट भरा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर मात्र आधी वाळवीचा बंदोबस्त. निम्म्याहून जास्त खांब गेले असतील तर सुताराचं ऐका.

धागाकर्ता: सगळे टोचून पाहिले. हलणाऱ्यांपैकी दोन भुसभुशीत, तिसरा ठणठणीत, न हलणारे सगळे चांगले. म्हणजे पाडापाडी नाही! पण त्या दोघांची बुडं काँक्रीटमधून काढायची कशी?

प्रतिसाद २: काढूच नका. कुजलेला भाग कापा, शेजारी सिमेंटचा आखूड आधारखांब गाडा आणि वरचं चांगलं लाकूड त्याला बोल्टने जखडा. कापलेल्या टोकाला लाकूड टिकवणारं औषध लावा. काँक्रीटचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा, नाहीतर खांबापाशी पाणी साचतं. आणि वेल निदान विरळ तरी करा. दाट वेलातून वारा आरपार जात नाही, सगळा रेटा खांबांवर येतो. कुंपण सामाईक असेल तर शेजाऱ्यांच्या कानावर आधी घाला.

धागाकर्ता: सामाईकच आहे, आज बोलतो. बोल्ट साधे चालतील?

प्रतिसाद २: नको, गॅल्व्हनाइज्ड घ्या. साधे गंजतात.