काकांना येशूबद्दल सांगायचं राहून गेलं काय?

कॅम्पातली (बेळगाव)
आम्ही कॅथलिक, तीन पिढ्या कॅम्पात. बाबांबरोबर नोकरीला असलेले एक काका बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी आहेत. निवृत्त होऊन पुण्याला गेले, खरं नाताळाच्या आधी एकदा तरी येतात. ते आले की त्यांच्या धर्मात चालतं तेवढंच रांधायचं म्हणून आई मटण करत नाही. बांगडा करते, कारण त्याला खवले असतात, कोळंबी बाद. नेवऱ्या मात्र काका मोजून चार खातात.

यंदा मावशीपण आलेली. ती दोन वर्षं झाली दुसऱ्याच एका प्रार्थना मंडळात जाते. काका हात धुवायला उठले तशी मला कोपरानं ढोसून म्हणाली, "चाळीस वर्षं येतोय माणूस, आणि येशूबद्दल एकदा पण सांगितलं नाही? देवापुढं काय उत्तर देणार?" काकांनी ऐकलं. नळ बंद केला आणि टॉवेलला हात पुसत राहिले, लई वेळ. मग कुंद्याचा डबा घेऊन निघाले.

तेव्हापासून झोप नाही. आमचं खरंच चुकलं काय? धर्मांतरबंदी कायद्यावर भांडू नका, ते २०२१ च्या डिसेंबरात इथं विधानसभेच्या सुवर्णसौधात भरपूर झालंय.

निवृत्त मास्तर, खानापूर
चुकलं नाही, पोरी. मी पोरांना कॅटेकिझम, म्हणजे चर्चचं धर्मशिक्षण, शिकवत आलो. पूर्वी गुड फ्रायडेच्या लॅटिन प्रार्थनेत यहुद्यांना ‘पर्फिदिस’ (अविश्वासू) म्हणत. पोप तेविसावे जॉन यांनी तो शब्द १९५९ ला काढला. २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या व्हॅटिकन परिषदेच्या जाहीरनाम्यानं सांगितलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सरसकट यहुद्यांवर किंवा आजच्यांवर टाकता येत नाही. आता त्या प्रार्थनेत आपण मागतो ते एवढंच, की देव ज्यांच्याशी आधी बोलला ते त्याच्या कराराशी एकनिष्ठ राहोत. डिसेंबर २०१५ ला व्हॅटिकनच्या यहुदी संबंधांच्या आयोगानं लिहूनच दिलं: यहुद्यांसाठी खास मिशन आपलं चर्च चालवत नाही, त्याला पाठिंबाही देत नाही. श्रद्धेची साक्ष नम्रपणे द्यावी, असंही त्यातच आहे. तेवढं मावशीच्या बाजूचं.

वडगावकर
मास्तर, हे तुमच्या चर्चपुरतं. मी मेथडिस्ट. अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्टांनी १९९६ ला यहुद्यांना सुवार्ता सांगायचा ठरावच केला होता. म्हणजे मावशी घरचं काढून बोलत नाही, तिला तसंच शिकवलंय. खरं जेवायला आलेला माणूस हात धूत असताना?

शनवारतेली, ठाणे
मी बेने इस्राएल. आम्हाला यात नवीन काही नाही. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून काढलं. हेतू उघड होता. आमच्या लोकांनी हिब्रू शिकून घेतली आणि सिनेगॉगमध्ये जाऊन आणखी नीट वाचायला लागले! बाटले ते फार थोडे.

आम्ही कुणाला बोलवत नाही. कुणी यहुदी व्हायला आला तर रब्बीनं त्याला तीनदा परत पाठवायचं, अशी रीत. बाकीच्यांना नोहाचे सात नियम (खून नको, चोरी नको असले) पुरेत. त्यामुळं "तुमच्या भल्यासाठी सांगतो" हे आमच्या कानाला वेगळं लागतं. १८५८ ला बोलोन्यात एका मोलकरणीनं गुपचूप बाप्तिस्मा दिलेलं सहा वर्षांचं यहुदी पोर, एदगार्दो मोर्तारा, पोपच्या शिपायांनी आईबापांकडून उचलून नेलं. हे आमच्यात विसरत नाहीत. फोन करा काकांना. माफीचं भाषण नको, मलिदा (आमचा गोड पोह्यांचा प्रार्थनाविधी) कधी आहे ते विचारा.

कॅम्पातली
केला काल. मलिद्याचं विचारलं तर हसले. मग म्हणाले, "तुझ्या मावशीनं मला विचारलं असतं तर बसून बोललो असतो की. मी तिथंच होतो आणि ती तुला विचारत होती." पुढं म्हणाले, बांगड्याला मीठ कमी पडलं होतं, आईला सांग.

आईला सांगितलं. मावशीला अजून नाही.