डिमीटरचं स्तोत्र: दाणा एकच

ग्रीक पुराणकथेत पाताळाचा देव हेडीस धान्यदेवी डिमीटरची मुलगी पर्सेफोनी हिला पळवून नेतो. ती 'डाळिंबाचे सहा दाणे खाऊन सहा महिने पाताळात' असं बऱ्याचदा सांगितलं जातं. ही नंतरची सरमिसळ आहे. डिमीटरच्या होमरी स्तोत्रात (होमरच्या नावावरचं प्राचीन ग्रीक काव्य, 495 ओळी) हेडीस तिला डाळिंबाचा एकच दाणा खायला घालतो आणि वाटणी होते वर्षाच्या एक तृतीयांशाची. उरलेले दोन भाग ती आईजवळ. निम्मं-निम्मं वर्ष रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'मध्ये येतं, आणि तिथे दाणे सात. त्याच ओव्हिडच्या 'फास्ती'त तीन! तेव्हा दाणे मोजण्याआधी कवी कोणता ते बघावं.

पर्सेफोनी गेल्यावर पडणाऱ्या दुष्काळाचंही तसंच. स्तोत्रात तो मुलगी गेल्याबरोबर पडत नाही. डिमीटर नऊ दिवस मशाली घेऊन हिंडते, सूर्यदेव हेलिओसकडून खरं कळतं, मग म्हातारीच्या वेषात अथेन्सजवळच्या एल्युसिसला जाते. तिथे वाइन नाकारून जवाचं पीठ, पाणी आणि पुदिन्याच्या जातीची वनस्पती घातलेलं पेय मागते. राजपुत्र डेमोफोनला रात्री विस्तवात धरून अमर करू पाहते. त्याची आई मेटानीरा हे बघून किंचाळते आणि सगळं फिसकटतं. त्यानंतर देऊळ बांधून घेऊन, त्यात बसून ती बी जमिनीतच दडवून ठेवते. म्हणजे हा निसर्गाचा शोक नव्हे, देवांचा राजा झ्यूस याची केलेली चक्क कोंडी आहे: धान्य नाही तर देवांना नैवेद्यही नाही. हेडीस-पर्सेफोनीचं लग्न झ्यूसनेच ठरवलं होतं, हे सहसा गाळलं जातं.

हे स्तोत्र एकाच हस्तलिखितात टिकलं. ते 1777 मध्ये मॉस्कोत सापडलं, आता नेदरलँड्समधल्या लायडनला आहे. मायलेकींच्या भेटीचं पान नेमकं फाटलेलं, त्यामुळे तिथल्या काही ओळी अभ्यासकांनी अंदाजाने भरल्या आहेत.