खजिन्यात खडखडाट असताना आधी कुणाचं बिल भागवायचं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पेशंटवर मोफत उपचार होतात आणि बिल सरकार भरतं; ती बिलं थकली म्हणून खासगी रुग्णालयांच्या संघटना पुन्हा निवेदनं देताहेत. थकबाकी द्या, पॅकेजचे (एकेका उपचारामागे ठरवून दिलेल्या रकमेचे) दर वाढवा, नाहीतर योजनेचे पेशंट घेणं बंद करू. हरियाणात ऑगस्ट 2025 मध्ये खासगी रुग्णालयांनी आयुष्मान या केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं काम थांबवूनही दाखवलं, त्यामुळे हा इशारा पोकळ समजायचं कारण नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. तुटीच्या वर्षात पहिला रुपया उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांना. खासगी रुग्णालयांची बिलं त्यानंतर.

2012 मध्ये हीच योजना जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा दीड लाखाचं संरक्षण होतं आणि तेही पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना. जून 2023 मध्ये मंत्रिमंडळाने ते पाच लाखांवर नेलं आणि कार्डाचा रंग न बघता सगळ्यांना लागू केलं. प्रत्यक्ष अंमल 1 जुलै 2024 पासून. उपचारांची यादी 996 वरून 1,356 वर गेली. पंगत वाढवली, शिधा मोजलाच नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूटच 45,891 कोटींची दाखवली आहे.

आता कात्री लागणार, ती लागते कुठे? जिथून आवाज येत नाही तिथे. खासगी रुग्णालयांकडे संघटना आहे, वकील आहेत, पत्रकार परिषद आहे. ग्रामीण रुग्णालयात अँटिबायोटिक संपलंय हे कोण सांगणार? अधीक्षक बोलला तर त्याच्या हातात कारणे दाखवा नोटीस. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बाळं होती. तेव्हा कुठे औषधखरेदीचा घोळ लोकांना कळला.

डॉ_तालुका

निवेदन देणाऱ्यांत मीही आहे, तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

एक केस सांगतो. मांडीचं हाड मोडलेली आजी येते. आरोग्यमित्र (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) रेशनकार्ड आणि आधार बघतो, प्रीऑथ म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज टाकतो, मंजुरी येते, मी ऑपरेशन करतो. रॉड आणि स्क्रू देणारा पूर्वी उधारीवर द्यायचा. आता फोनवर पहिला प्रश्न, "योजनेची केस आहे का, डॉक्टर?" आहे म्हटलं की रोख. आजीचं जेवण पॅकेजमध्ये, घरी जायचं भाडंही पॅकेजमध्ये, तेही खिशातून देऊन झालं. मग क्लेम, म्हणजे योजनेकडे बिलाची मागणी. आठवड्याने क्वेरी, म्हणजे त्यावरची शंका येते: एक्स-रेवरची तारीख स्पष्ट नाही, पुन्हा अपलोड करा. केला की दुसरी: डिस्चार्ज कार्डावर नातेवाइकाची सही नाही. नातेवाईक तोवर ऊसतोडीला गेलेला. क्वेरीत अडकलेली रक्कम 'थकबाकी' या आकड्यात धरतच नाहीत, हे किती जणांना माहीत आहे?

हे अनुदान नाही, केलेल्या कामाचे पैसे आहेत. आणि कृष्णाकाठ, ती आजी माझ्याकडे का आली तेही विचारा. तुमच्या उपजिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरची जागा रिकामी आहे म्हणून.

आकडेमोड

सगळे आडवळणाने बोलताय, मी सरळ बोलतो. लाडकी बहीण योजनेला त्याच अर्थसंकल्पात 36,000 कोटी. दरमहा 1,500 रुपये खात्यात टाकायचे आणि तीच बहीण दवाखान्यात आली की औषध बाहेरून आणायला लावायचं. तूट आभाळातून पडलेली नाही.

वायफळ

@आकडेमोड, कॅलेंडर बघा. नांदेड ऑक्टोबर 2023 चं. त्याआधी ऑगस्टमध्ये कळव्याच्या पालिका रुग्णालयात एका दिवसात 18 रुग्ण गेले. लाडकी बहीण आली जुलै 2024 मध्ये. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की राज्यांनी 2020 पर्यंत अर्थसंकल्पाच्या 8 टक्के तरी आरोग्यावर खर्च करावेत. आपण बरी वर्षं चालू असतानाही त्याच्या आसपास फिरकलो नाही. बायकांच्या 1,500 वर खापर फोडणं सोपं, म्हणून सगळे फोडतात.

औषधखरेदीचं म्हणाल तर तमिळनाडूने त्यासाठी स्वतंत्र महामंडळ काढलं 1994 मध्ये. आपण ते हाफकिन या सरकारी औषध महामंडळाकडे सोपवलं, ते जमेना म्हणून 2023 मध्ये खरेदीचं वेगळं प्राधिकरण काढलं. यात लाडकी बहीण कुठे आली?

आकडेमोड

आधीपासून कमी होतं, म्हणून आणखी कमी केलेलं चालतं, असं म्हणायचंय का?

निळी_पट्टी

मी सरकारी रुग्णालयात सिस्टर आहे. कुठल्या ते विचारू नका.

कृष्णाकाठ दादा, आमची बाजू घेतलीत, बरं वाटलं. पण एक सांगते. आमचं रुग्णालयही याच योजनेत आहे. आम्ही ऑपरेशन केलं की त्याचा क्लेम आमच्या खात्यावर येतो, त्यातून औषधं आणि साहित्य घेता येतं. योजनेचे पैसे अडले की खासगीचे अडतात तसे आमचेही अडतात. तुम्ही खासगी आणि सरकारी असे दोन खिसे धरताय, इथे बराचसा खिसा एकच आहे.

अडचण अशी की क्लेम यायला केस व्हावी लागते. भूलतज्ज्ञ कायमचा नाही. बाहेरून बोलावतो, दर केसमागे पैसे देतो. तो येतो डॉक्टरसाहेबांसारख्या कुणाच्या तरी नर्सिंग होममधली यादी उरकून. त्याला उशीर झाला की आमची सिझर पुढच्या गावी जाते. तुमचा पहिला रुपया आमच्याकडे आला तर तो औषधाच्या फडताळात न जाता त्या एका पगारात जावा, असं मला वाटतं.

चहाबिस्कीट

डॉक्टरांचे अश्रू बघून गहिवरून आलं. आमच्या मामांना अँजिओप्लास्टीची मंजुरी योजनेतून मिळाली होती. टेबलवर घ्यायच्या आधी सांगितलं, "चांगला स्टेंट हवा तर वरचे भरा." 2017 पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, तरी हे. भरले. पावती मागितली तर कच्च्या कागदावर आकडा लिहून दिला. सरकार बिल देत नाही म्हणून पेशंटकडून घ्यायचे, आणि सरकारने दिलं की तेही घ्यायचे?

धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवायच्या खाटांबद्दल या संघटनांचं एखादं निवेदन कधी वाचलंय का कुणी?

डॉ_तालुका

स्टेंटचं जे झालं ती चोरी आहे, तिची वकिली मी करणार नाही. तक्रार करा, रुग्णालय यादीतून काढायला लावा.

पण धर्मादायचा नियम ट्रस्टना आहे. मी ट्रस्ट नाही. सवलतीत जमीन नाही, करमाफी नाही, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला आहे. 'खासगी' या एका शब्दात पुण्या-मुंबईची पंचतारांकित रुग्णालयं आणि माझी तालुक्यातली इमारत एकत्र कोंबू नका. ते योजनेतून बाहेर पडले तर त्यांना फरक पडत नाही. मी पडलो तर आजीला जिल्ह्याला न्यावं लागतं.

कृष्णाकाठ

सिस्टर, खिसा एकच असेल तर उलट रांग जास्त गरजेची. आज ती रांग कोण लावतं? ज्याचा फोन वर पोचतो तो. मी म्हणतो ती उघड लावा. आधी सरकारी रुग्णालयांचे क्लेम, मग तालुक्यातली छोटी रुग्णालयं, मोठी साखळीवाली शेवटी. आयुष्मानच्या नियमांत राज्यातल्या राज्यात क्लेम 15 दिवसांत निकाली काढा असं आहेच. कुणाचा क्लेम किती दिवस पडून आहे, क्वेरीत अडकलेले धरून, हे रुग्णालयवार दर महिन्याला जाहीर करा. संघटनेच्या निवेदनात ही मागणी पहिली टाकलीत तर डॉक्टर, मीही सही करतो. दरवाढीवर नाही करणार.

डॉ_तालुका

यादी जाहीर करायला माझी हरकत नाही. मोठ्यांना शेवटी ठेवायला आहे. कॅन्सरचं रेडिएशन करणारी मशीन बहुतेक त्यांच्याकडे आणि मोठ्या ट्रस्टकडेच आहेत. त्यांनी योजनेचे पेशंट थांबवले तर रेडिएशन अर्ध्यावर असलेला माणूस कुठे पाठवू? मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाची रांग पाहिली आहे ना? आणि दर न वाढवता बिल वेळेवर दिलं, तरी काही पॅकेजमध्ये रॉडचीच किंमत जेमतेम निघते.

निळी_पट्टी

रेडिएशनचं खरं आहे. त्यांना रुग्णालय म्हणून शेवटी न ठेवता उपचार बघून क्रम लावता येईल का? डायलिसिस आणि रेडिएशन थांबवता येत नाही, गुडघ्याचं दुर्बिणीतून करायचं ऑपरेशन थांबू शकतं.

भूलतज्ज्ञाबद्दल मात्र दोघांपैकी कुणीच बोललं नाही.